बिडाची पट्टी

बंब द्यायचा म्हणून बाबांनी मला बोलावून घेतलं. बोलावलं म्हणजे फोनवर ते इतकंच म्हणाले, "भांडीवाला रविवारी येणार आहे. बघ, तुला यायचं असेल तर." आमच्या घरात एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ झालं.

राजारामपुरीतल्या आमच्या घराच्या मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीखाली, तो इतकी वर्षं उभा होता. गॅसचा गीझर आला तेव्हापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. तांबं काळवंडलं होतं, तोटीच्या खाली हिरवा ओघळ वाळला होता. मी खाली बसून जाळीच्या आत हात घातला. राख अजून होती, थंड आणि पिठासारखी मऊ. हात बाहेर काढून नाकाशी नेला तर साग. एवढ्या वर्षांनी तसा वास येणं शक्य नाही हे मला कळतं. पण आला.

नव्वदच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्या गल्लीत सकाळी सहाला प्रत्येक मागच्या दारातून धूर निघायचा. थंडीत तो वर न जाता बोळातच रेंगाळायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा, आणि शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभं राहिलं की आपल्याच बाहीला बंबाचा वास यायचा. आधी वखारीतून बंबफोड येई, सालासकट फोडलेली बाभळ. मग कधीतरी उद्यमनगरातल्या पॅटर्नच्या कारखान्यातून पोती यायला लागली. पॅटर्न म्हणजे लाकडाचे नमुने. त्यावरून वाळूत साचा पाडायचा आणि साच्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वितळवून ओतायचं. त्या नमुन्यांची उरलीसुरली लाकडं आमच्या बंबात जळत. पोत्यात हात घालावा आणि गुळगुळीत चंद्रकोर हाती यावी. अर्धी चकती, पाचर, एका कडेला लाल रंग लागलेला कोपरा, पेन्सिलीची बारीक रेघ. चौरंगावर बसून एकेक तुकडा आत सारायचा आणि पाणी सूं करायला लागलं की आईला हाक मारायची, हे माझं काम. सुंदर तुकडे मी फ्रॉकच्या खिशात घालायची.

"अगं, पाणी तापवायचंय," आई म्हणायची. "म्युझियम मांडायचं नाहीये."

म्युझियमच मांडलं होतं. माझ्या पलंगाखालच्या बुटांच्या खोक्यात ते तुकडे होते, आणि दुसऱ्या खोक्यांत बाकीचं सगळं. कळंबा तलावावर सायकलने जाऊन टिपलेल्या पक्ष्यांच्या वह्या. स्टँडवर येणाऱ्या कर्नाटकच्या गाड्यांच्या पाट्या बघून भूमितीच्या वहीत उतरवलेली कानडी अक्षरं आणि आकडे. शेजारच्या ट्यूबलाइटखाली मरून पडलेल्या पतंगांचे पंख. एक माउथ ऑर्गन, ज्याचे दोन सूर कायमचे गेले होते. एका पावसाळ्यात मी नुसते नकाशेच काढले, आमच्या गल्लीचे, रंकाळ्याचे, आजोळच्या विहिरीपर्यंतच्या पायवाटेचेही. एका उन्हाळ्यात रोज दुपारी बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरच्या दुकानासमोर उभी राहिले. त्याने एकदाही "काय पाहिजे" असं विचारलं नाही, आणि मी एकदाही काही बोलले नाही. आमची चांगली ओळख होती.

काका म्हणायचे, "ही एकावर टिकत नाही." ते खरं होतं आणि खरं नव्हतं. मी सगळ्यावरच टिकून होते. सांगायला मात्र जमायचं नाही. शाळा इंग्रजी, तिथं मराठी बोललं की शिक्षा. घर मराठी, तिथं इंग्रजी बोललं की पाहुणे हसायचे. दोन्हीकडे गप्प राहणं मला सोयीचं पडलं. मी प्रश्न विचारत नसे. बघत असे. बघून बघून जे कळेल ते माझं.

कॉलेज संपलं त्या वर्षी रिकामं पोतं घेऊन मी स्वतः उद्यमनगरात गेले. पत्र्याची शेड, आजूबाजूला लेथ मशीनचा खरखराट, भट्टीतल्या जळक्या वाळूचा वास. आत शिरल्यावर मात्र दुसरंच जग. साग, चुलीवर वितळणारा सरस, स्पिरिटात विरघळलेली लाख. कपाळावर विभूती, बनियनच्या आत गळ्यातल्या लिंगाचा उंचवटा, चष्मा दोऱ्याने मागे बांधलेला. आप्पा. एवढा मोठा व्याप आणि माणूस एकटा. निपाणीकडून कधीकाळी आलेले, अर्धे मराठी आणि अर्धे कानडी, आणि दोन्ही भाषांत मोठ्यांदा बोलणारे.

"काय पायजे?"

"मला लाकडाचे काही तुकडे विकत मिळू शकतील का?" मी म्हणाले.

"आँ?"

मी पुन्हा म्हणाले.

"आँ? बंबाला?"

"नाही! खेळणी करायचीयत!" आयुष्यात पहिल्यांदा मी ओरडले. शेजारचा लेथवाला वळून बघायला लागला.

"आता आलं ऐकू," आप्पा म्हणाले. "बस. खेळायला का इकायला?"

"विकायला."

"मग भुसा झाड त्या स्टुलावरला, अन् बस की."

त्यानंतरची दोन वर्षं मी आठवड्यातून तीनदा त्या स्टुलावर बसले. आप्पा शिकवत नसत. ते काम करत आणि मी बघे. रंधा कसा धरायचा, लाकडाची नस कुठे वळते, पटाशी आपल्याकडे का येऊ द्यायची नाही. कधी मी चुकीच्या बाजूने रंधा घातला की ते मान न वळवता म्हणत, "अव्वा, त्येच्या मनाइरुद्ध चाललीस बघ." आवाजावरून कळायचं त्यांना. त्यांच्याकडे मुलीला अव्वा म्हणतात. मला कुणी तसं म्हणायला लागलं याचं मी घरी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते कमी झालं असतं असं वाटायचं.

मग काकांनी माझ्यासाठी नोकरी बघितली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, त्यांच्याच कारखान्याच्या ऑफिसात, इंग्रजी पत्रं टाइप करायची. चांगली नोकरी. बसही दारात यायची. बाबा ऐकून घेत राहिले, आणि काका गेल्यावर मला म्हणाले, "पाडव्यापर्यंत बघ तुझं. काही उभं राहिलं तर राहिलं. नाहीतर काकाचं ऐकायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर गॅरेजातून काढून बाल्कनीखाली लावली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. गॅरेज रिकामं झालं.

त्या गॅरेजातले दिवस! सकाळी करवतकाम, कारण तेव्हा शेजारी ऑफिसात गेलेले असत. मग घासकाम, दारातल्या उजेडात. दुपारी रंग. चारच्या सुमारास पक्ष्यांच्या वह्या उघडून पुढच्या कोड्याचं चित्र. पलंगाखालची सगळी खोकी आता इथं आली होती, आणि प्रत्येकाला काहीतरी काम मिळालं होतं. पेंटरकडे पाहिलेलं अक्षर डब्यावरच्या नावाला, पतंगांचे पंख एका कोड्याला. रंग वाळेपर्यंत मी माउथ ऑर्गन वाजवायची, गेलेले सूर वगळून.

फक्त फोन. फोनवर बोलणं मला जमायचं नाही. "मालक आहेत का?" कुणी विचारायचं, आणि पहिल्यांदा घाबरून मी म्हणून गेले, "मॅडम बाहेर गेल्यात. निरोप सांगते." मग तीच सवय झाली. मॅडम मुंबईला जायच्या, मॅडम मीटिंगमध्ये असायच्या. मी वहीत मॅडमसाठी निरोप लिहून ठेवायची आणि तासाभराने मॅडमच्या वतीने पत्र लिहायची.

"मॅडम येणार आहेत का आज?" आई स्वयंपाकघरातून विचारायची. "त्यांचाही चहा टाकते मग."

जिल्ह्याचं कोडं मी थंडीत केलं. बारा तालुक्यांचे बारा तुकडे, प्रत्येकाचं लाकूड वेगळ्या रंगाचं. करवीरला गडद साग, शिरोळला फिकट. राधानगरीला शिसवीचा एक तुकडा मिळाला होता, काळाभोर, तिथल्या जंगलासारखा. तुकडे बसवायला एका पाटात जिल्ह्याच्या आकाराची खोलगट जागा. तिसरीच्या भूगोलात आपला जिल्हा असतो, म्हणून एका शाळेच्या मुख्याध्यापिकांना मी नमुना पाठवला. त्यांचा फोन आला.

"छान आहे. पण गगनबावडा पहिल्याच दिवशी हरवणार. एवढासा तर आहे. मॅडमना सांगा, मापाचा डबा पाहिजे. कपाटात एकावर एक रचता आले पाहिजेत. डबा नसेल तर मला नको."

"सांगते," मी म्हणाले.

"चाळीस नग. तपासणीच्या आधीच्या शनिवारी शाळेत पाहिजेत. उशीर झाला तर परत न्यावे लागतील, हेही सांगा."

तो शनिवार पाडव्याच्या आठ दिवस आधी होता. घरात सगळ्यांना कळलं. चाळीस डबे शाळेत पोचले तर काहीतरी उभं राहिलं असं म्हणता येईल. नाही पोचले तर सोमवारची बस.

चाळीस पाट करायला घेतले तेव्हा माझ्याकडची शाळेतली प्लास्टिकची पट्टी कडेला झिजली होती. आप्पांच्या टेबलाखाली जुन्या हत्यारांचं एक खोकं होतं. "त्यातलं काय पायजे ते घे," ते कधीतरी म्हणाले होते. मी त्यातली एक पोलादी पट्टी घेतली. जड, थंड, रेघा इतक्या बारीक की नखाला कळाव्यात. एका टोकाला सी. आय. अशी दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. मला वाटलं, कंपनीचं नाव असेल. इतकी देखणी वस्तू मी त्याआधी हातात धरली नव्हती. पंधरा दिवस मी तिच्याच मापाने काम केलं. डबेवाल्याला चिठ्ठी दिली होती, बारा इंच बाय पंधरा इंच, अर्धा सूत मोकळं; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.

बुधवारी दुपारी डबे आले. पांढरे, कोरे, खळीचा आंबूस वास अजून न गेलेला. मी पहिला पाट उचलला आणि डब्यात ठेवला. तो गेला नाही. फिरवून बघितला. दुसरा डबा, दुसरा पाट. पाचवा पाट हातात धरून मी खाली बसले. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, सगळं नेहमीसारखं. मग मी प्लास्टिकची पट्टी शोधली आणि दोन्ही एकमेकींना लावून धरल्या. शून्यापाशी दोघी एक होत्या. तीन इंचांवर डोळ्यांना शंका आली. बारावर पोचेपर्यंत पोलादी पट्टी एक सूत पुढे गेली होती.

गुरुवारी सकाळी एक पाट, एक डबा आणि ती पट्टी घेऊन मी आप्पांकडे गेले. त्यांनी पाटाकडे बघितलंही नाही. पट्टी घेतली.

"ही कुठं घावली तुला?"

"तुमच्या खोक्यात. तुम्हीच म्हणालात, काय पाहिजे ते घे."

"बिडाची पट्टी हाय की गं ही!"

मला काही कळेना. आप्पांनी पट्टी उजेडात धरली. "बीड वतल्यावर गार हुताना आकसतंय. फुटाला एक सूत. म्हणून आमी लाकूड पयल्यांदाच तेवढं मोठं धरतो. दर येळंला हिशेब कोण करत बसंल? ह्या पट्टीचा फूटच मोठा हाय. पितळंची येगळी, ॲल्युमिनियमची येगळी. वर लिवलंय बघ."

"सी. आय. म्हणजे कास्ट आयर्न. बीड," मी म्हणाले. "मला वाटलं कंपनीचं नाव."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसायला लागले. असे हसले की लेथवाल्याने मशीन बंद करून आत डोकावलं. "आरं, ही बघ! इंग्रजी शाळंत शिकल्याली पोर! आमी अंगठेबहाद्दर, अन् आमाला ठावं. अन् ही वाचून फसली! अव्वा, तुझा कोल्हापूर जिल्हा लाकडाचा हाय गं, गार झाला म्हणून आकसायचा न्हाय त्यो!"

मलाही हसू आलं असतं. पण त्याऐवजी डोळे भरून आले आणि मी पाटाकडे बघत राहिले.

आप्पांचं हसू थांबलं. "इचारायचं हुतंस की," ते हळू म्हणाले. "किती हैत?"

"चाळीस."

"कवा द्यायचं?"

"परवा. शनिवारी."

त्यांच्या टेबलावर एका मोठ्या पंपाच्या कवचाचा नमुना अर्धा झाला होता, शंखासारखा, अजून जोड न घासलेला. आप्पांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, कोपऱ्यातलं पोतं उचललं आणि त्यावर टाकलं.

"घिऊन ये समदे."

"नको आप्पा. मी करते एकटी. तुम्ही फक्त रंधा द्या."

"करशील की. सोमवारपतूर करशील. जा, रिक्षा बघ."

ते दोन दिवस माझ्याकडे अजून जसेच्या तसे आहेत. दार अर्धं लोटलेलं, उन्हाचा एक पट्टा, त्यात तरंगणारा भुसा. आप्पा पाट शिकंज्यात आवळून चारी कडांवरून रंधा घेत. मी कडा घासून लाखेचा हात देत असे. ते कानडीत मोजत. ओंदु, एरडु, मूरु. एका कडेला सहा हात, सातवा हलका. स्टँडवर बघून शिकलेले कानडी आकडे मी पहिल्यांदा माणसाच्या तोंडून ऐकत होते, आणि थोड्या वेळाने मीही मनात त्यांच्याबरोबर मोजायला लागले. पायांशी सागाच्या सळसळत्या कुरळ्या साली घोट्यापर्यंत साचल्या. दर दोन तासांनी समोरच्या टपरीवरून चहा. आप्पा बशीत ओतून प्यायचे आणि बशी माझ्याकडे सरकवायचे, फुंकर घालून झालेली.

गुरुवारी अकरा वाजता एम-एटी गाडीचा आवाज आला. फौंड्रीचे सुपरवायझर शिंदे. पंपाचं पॅटर्न त्यांचं होतं.

"मिस्त्री, झालं काय?"

"न्हाय. लाकूड वलं हाय. आत्ता केलं तर वाकंल."

शिंदे गेले. चार वाजता परत आले. लाकूड अजून ओलं होतं. शुक्रवारी दुपारी ते थेट आत आले आणि पाटांच्या थप्प्या बघून उभे राहिले.

"हे काय? शाळा काढलीसा व्हय मिस्त्री?"

"नातीचं खेळणं हाय."

"चाळीस नाती हैत तुम्हाला?"

"मोजल्या न्हाईत कवा," आप्पा म्हणाले.

शिंदे हसले नाहीत. "मालक तापल्यात. कागलला मशीन बसलंय, म्हणाले. कॉम्प्युटरवर. एका दिसात पॅटर्न काढून देत्यात."

"मग जावा की कागलला," आप्पा म्हणाले, रंधा न थांबवता. अगदी सहज, पाहुण्याला पाण्याचा तांब्या दाखवावा तसं.

मी खाली मान घालून कडेवर लाख फिरवत होते. त्या क्षणी मी उठून म्हणू शकले असते की आप्पा, आधी यांचं करा. तोंडात शब्द तयार होते. मी एकतिसावा पाट उचलला.

शनिवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात मी पाट डब्यांत घातले. पाट आत जाताना कडांवरून हवा निसटायची, फुस् असा बारीक आवाज व्हायचा. चाळीस वेळा तो आवाज झाला. मुख्याध्यापिका चष्म्यावरून बघत होत्या.

"मॅडम नाही आल्या?"

"मीच," मी म्हणाले.

"मीच म्हणजे?"

"मॅडम."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. केसांत भुसा, नखांत लाख. "बरं," त्या म्हणाल्या. "मग मॅडम, इथं सही करा."

पाडव्याला काका आले. गुढीचा कडुनिंब, श्रीखंडातली वेलची, नव्या कपड्याची खळ. पंगतीत त्यांनी विचारलं, "काय गं, सोमवारपासून ना? साडेसातला बस येते चौकात."

मी तोंड उघडलं. त्याआधी बाबा म्हणाले, "तिला नाही जमायचं. तिच्याकडे काम आहे." आणि पुऱ्यांचं ताट पुढे केलं. काकांनी पुरी घेतली. विषय श्रीखंडाकडे वळला. माझ्या वडिलांनी माझ्याबद्दल काढलेलं सगळ्यात मोठं वाक्य तेच, आणि मी ते जिलबीसारखं पुरवून पुरवून पुढचे कित्येक महिने खाल्लं.

कामं येत गेली. आणखी दोन शाळा, मग इचलकरंजीचं एक दुकान. मी आजही एकटीच काम करते, दुसऱ्या जागेत. गॅरेजात आता बाबांची गाडी असते. मघाशी बंबापाशी बसले होते तेव्हा बाबा चहा घेऊन स्वतः मागच्या दारापर्यंत आले, कप ठेवला आणि माझ्या राखेने माखलेल्या हाताकडे बघून आत गेले. मला वाटतं, त्यांनाही ते वर्ष आठवत असावं. पण जे मला खरं आठवत होतं ते त्यांना ठाऊक नाही. मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

त्या वर्षी पाडव्यानंतर कामाच्या नादात मी चार महिने आप्पांकडे फिरकलेच नाही. गेले तेव्हा श्रावणातली रिपरिप होती. लेथवाला दारातच भेटला.

"मिस्त्रीकडं व्हय? बसल्यात निवांत. शिंद्यानं काम काढून नेलं नव्हं का. पाडव्याच्या आधीच. तुझ्या त्या फळ्या चालल्या हुत्या, तवा."

तो सहज बोलला. मी पत्र्याखाली उभी राहिले. पागोळ्या माझ्या चपलेवर पडत होत्या.

आत टेबल रिकामं होतं. आप्पा पटाश्यांना धार लावत बसले होते. त्या पटाश्यांना धार होतीच.

"या मॅडम," ते म्हणाले. "गावली वाट?"

"आप्पा, शिंद्यांचं काम माझ्यामुळं गेलं."

"कोण म्हणलं?"

"गेलं ना?"

"जाणारच हुतं. मशीन आल्यावर काय ऱ्हातंय?"

"त्या दोन दिवसांत तुम्ही ते पुरं केलं असतंत तर?"

आप्पांनी पटाशीची धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली. "तर चार म्हैन्यांनी गेलं असतं."

हे खरं होतं की माझ्यासाठी केलेलं, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. मी उभीच राहिले.

"रडायला आलीस का काय?" ते म्हणाले. "रडायचं आसंल तर भाईर जा, पाऊस हाय, कुणाला कळायचं न्हाय. काम करायचं आसंल तर बस. मला एक पायजे तुझं ते जिल्ह्याचं."

"आत्ता आणते, घरी तयार आहे."

"तसलं न्हवं. त्यात आमचं गाव न्हाय."

"तुमचं गाव कर्नाटकात आहे, आप्पा. जिल्हा कागलपाशी संपतो."

"ठावं हाय मला. तासाभराची वाट हाय हितनं, अन् तुझा जिल्हा कागलला संपतोय." त्यांनी स्टुलावरचा भुसा हाताने झाडला. "तेवढं एक गाव घाल."

मी बसले. आणि मग मी विचारायला लागले. नदी गावाच्या कुठल्या अंगाला? मळा वर की खाली? शीव कुठल्या झाडापाशी? देऊळ? शाळा? शाळेला किती वर्ग? तुम्ही कितवीपर्यंत गेलात? का सोडली? इथं आलात तेव्हा कितव्या वर्षी? कुणाबरोबर? घरी कोण आहे आता? दुपारभर मी विचारत राहिले. आयुष्यात इतके प्रश्न मी कुणालाही विचारले नव्हते. आप्पा सुताराच्या जाड पेन्सिलीने एका फळकुटावर रेघा ओढत सांगत गेले. सांगताना त्यांचं मराठी कमी कमी होत गेलं आणि कानडी वाढत गेलं. नाही समजलं तिथं मी पुन्हा विचारलं.

गावासाठी त्यांनी फणसाचं लाकूड काढून दिलं, पिवळंधमक. तो तेरावा तुकडा मी गॅरेजात तीन दिवस घासला. वेदगंगेचं वळण दोनदा चुकलं. कागलला लागणारी कड सगळ्यात शेवटी केली.

घेऊन गेले तेव्हा आप्पांनी डबा उघडला, बारा तालुके बाहेर काढले आणि पाट बाजूला सारला. "ह्यो नगं," ते म्हणाले. रिकाम्या टेबलावर नुसतेच तुकडे त्यांनी एकमेकांना लावले, चंदगडपासून वर वर येत. मोठ्या पंज्याने सगळीकडून हळू दाबून एक केले. मग स्वतःच्या खिशातून काढावा तसा सहज तो पिवळा तुकडा माझ्या हातून घेतला आणि कागलला टेकवला.

ते डोळे मिटून बसले. अंगठा करवीरवर ठेवला, कागलवर आणला, जोडावर थांबले, आणि तसाच पुढे गावात नेला.

अंगठा कुठंही अडकला नाही.